माळढोकाची चार पिसं

लामतुरे गुरुजींनी खाकी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "अडुसष्ट सालची आहेत. शिकारबंदीचा कायदा व्हायच्या आधीची."

मी अजून काही विचारलंही नव्हतं.

पाकिटात चार पिसं होती. पंखाची, लांबलचक, काळपट, टोकाला पांढुरके ठिपके असलेली. माळढोकाची. या पिसांसाठी मी पाच वर्षं ठिकठिकाणच्या संग्रहालयांना पत्रं लिहीत होते. पिसं बघायला या, असं एकदोघांनी कळवलं होतं. पण मला ती नुसती बघायची नव्हती, फोडायची होती, आणि ते कोण करू देणार? गुरुजींना हे सगळं माहीत होतं. त्यांनी सांगितलं की एका जुन्या शिकाऱ्याच्या मुलानं बापाच्या ट्रंकेतला एक वाळका पंख त्यांना कधीकाळी दिला होता, त्यातली ही चार. बाकीचा पंख घरी आहे, म्हणाले. मग चहा न घेता उठले. सोलापुरात आले की माझ्या कॉलेजात डोकवायचे आणि दोन कप चहा झाल्याशिवाय हलायचे नाहीत, असा माणूस.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. प्राणिशास्त्र शिकवत होते आणि उरलेल्या वेळात माइट नावाच्या जिवांचा अभ्यास करत होते. माइट म्हणजे गोचिडीचा चुलत भाऊ, पण इतका बारीक की नुसत्या डोळ्यांना धुळीचा कण वाटावा. त्यांतले काही पक्ष्यांच्या पिसाच्या पोकळ नळीत राहतात. तिथंच जन्मतात, नळीच्या भिंतीतून सोंड खुपसून पक्ष्याचा रस पितात, तिथंच मरतात. पक्षी वेगळा, की बहुतेक माइटही वेगळा. माळढोकाच्या नळीत काय राहतं, हे कुणी पाहिलेलं नव्हतं.

गुरुजी मला पाथरवाडीच्या शाळेत चौथीला होते. पाटीवर 'माळढोक' हा शब्द त्यांनी लिहायला लावला आणि दुसऱ्या दिवशी आख्ख्या वर्गाला माळावर नेऊन तो दाखवलाही. निवृत्त झाल्यावरही दरवर्षी ते वनखात्यासाठी पक्ष्यांची मोजदाद करत. अधिकारी बदलत, गुरुजी तेच असत. त्यांनी सांगितलेला आकडा हाच सरकारचा आकडा.

त्या दुपारी वर्ग संपल्यावर मी पहिलं पीस ट्यूबलाइटसमोर धरलं. नळीच्या आत काळी रेघ दिसली. ब्लेडनं नळी उभी चिरली, आतला मळ काचेवर झटकला आणि भिंगाखाली सरकवला.

ते चालत होते.

आठ-दहा तरी असतील. लांबोळके, फिकट, आठ आखूड पाय ओढत एकमेकांवर चढणारे. मी त्यातले तीन लगेच काचपट्टीवर बसवले आणि पाठीवरचे केस मोजायला घेतले. माइटची ओळख या केसांवरून ठरते. किती, कुठं, किती लांब. मी मोजले, पुस्तक काढलं, परत मोजले. खांद्याजवळची एक जोडी जिथं असायला हवी तिथं नव्हती. मला माहीत असलेल्या कुठल्याच जातीत ती तशी नव्हती. पुढचा तासभर मी इतकी आनंदात होते, की शिपाई किल्ल्या वाजवत दोनदा दारात येऊन गेला तरी मी मान वर केली नाही.

मग दौत उघडून कार्डावर नोंद करायला बसले. जात: नवी. यजमान पक्षी: माळढोक. स्थळ: पाथरवाडी. तारीख.

तारखेपाशी हात थांबला.

अडुसष्ट सालच्या पिसात जिवंत माइट कसे असतील? पक्षी मेला की नळी सुकते आणि आतले जीव दिवसांत मरतात. माझ्या हाताला आठवड्यापुढचे कधी जिवंत लागले नव्हते. मी पिसं परत उचलली आणि या वेळी त्यांची बुडं पाहिली. आपणहून गळलेल्या पिसाचं बूड नखासारखं गुळगुळीत, बंद असतं. या चारही पिसांच्या बुडांना कातडीचा वाळका पापुद्रा होता आणि तांबूस रक्त. चारही एकाच पंखाची, शेजारशेजारची. ती कुणीतरी उपटली होती, आणि तीन-चार दिवसांच्या आत.

म्हणजे एक माळढोक मेला होता. आणि गुरुजी मला खोटं बोलले होते.

रविवारी मी एसटीनं पाथरवाडीला गेले. नवरात्र चालू होतं. गुरुजी ओसरीवर पेपर वाचत होते. मला पाहून त्यांना आनंद झाला, असं म्हणता येणार नाही. मी म्हटलं, पिसं छान आहेत, काहीतरी सापडेल असं वाटतंय, तो पंख सबंध बघायला मिळेल का? ते पेपराची घडी घालत म्हणाले की पंखाला कसर लागली होती, कालच जाळून टाकला. मी म्हटलं, मग निदान ती ट्रंक दाखवा, तळाला बारीकसारीक पिसं राहिली असतील. एवढ्यात त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणत असू, पाणी घेऊन आल्या.

"कुठली ट्रंक?" अक्कांनी विचारलं.

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. अक्का तांब्या ठेवून आत गेल्या त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मी माळावर जाऊ या म्हणाले. गवत फार माजलंय, साप निघतात, असं उत्तर मिळालं. ज्या माणसानं आम्हा नऊ वर्षांच्या पोरींना अनवाणी त्या गवतातून फिरवलं, तो मला सापाची भीती घालत होता. मी विषय बदलला, त्यांनीही बदलू दिला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. चहा मात्र त्यांनी घ्यायला लावला.

परतीच्या बसला दीड तास होता. स्टँडच्या अलीकडे वनखात्याची चौकी होती आणि तिथं देवकुळे नावाचे वनपाल बसत. मी आत गेले. खरं तर जाऊ नये असं वाटत होतं. पण कुणीतरी माळढोक मारतोय आणि मला ते ठाऊक आहे, हेही मनातून जात नव्हतं. यंदा किती पक्षी आहेत, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. देवकुळे म्हणाले, गुरुजींनी श्रावणात बारा सांगितले होते, परवा विचारलं तर अकरा म्हणाले, एखादा उडून गेला असेल. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि का विचारता, म्हणाले.

मी सांगितलं. सगळं नाही. माझ्याकडे पिसं आली आहेत, ताजी आहेत, उपटलेली आहेत, एवढं सांगितलं.

"कुणी दिली?"

"ते मला सांगता येणार नाही."

देवकुळे हसले. "नका सांगू. माळावर फिरणारी माणसं असतात किती, मॅडम?"

त्यांना कोण म्हणायचंय ते मला कळलं. आसाराम काळे. पारधी समाजाचा, पन्नाशीचा, काटक माणूस. गवताची एक काडी वाकलेली दिसली तरी माळढोकाचं अंडं कुठं आहे ते सांगणारा. गुरुजींची मोजदाद म्हणजे निम्मी आसारामची मोजदाद होती. मी देवकुळ्यांना तिथंच म्हणू शकले असते की पिसं त्यानं दिलेली नाहीत. पण मग पुढचा प्रश्न आला असता. आणि दुसरंही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही: सकाळी येताना बसमध्ये माझ्याही मनात आधी आसारामचंच नाव आलं होतं. त्यानं मारला असेल आणि गुरुजी त्याला पाठीशी घालत असतील. मी गप्प बसले, बस आली, मी निघाले.

बुधवारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला गुरुजी प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. मुलं बेडूक कापत होती. मी त्यांना शेजारच्या खोलीत नेलं. ते बसले नाहीत.

"देवकुळ्यांकडे तू गेली होतीस?"

मी हो म्हटलं.

"सोमवारपासनं आसाराम चौकीत आहे. काल भेटू दिलं. डाव्या हाताची बोटं सुजलीयेत. काय सांगितलंस तू?"

"तुमचं नाव सांगितलं नाही."

"ते दिसतंच आहे," गुरुजी म्हणाले.

मला राग आला. मी म्हटलं, खोटं तुम्ही बोललात, ट्रंक तुम्ही काढलीत, मग मला जाब का विचारता? तुम्हाला कसं कळलं खोटं आहे, असं त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी मला अहो-जाहो केलं. मी पिसाचं बूड भिंगाखाली ठेवलं आणि बाजूला झाले. ते वाकले. चष्मा काढला, परत लावला. मग मी काचपट्टी बदलली आणि सांगितलं, तुम्ही पाकीट दिलंत त्या दुपारी हे चालत होते. पक्षी मेल्यावर हे आठवड्यावर जगत नाहीत.

गुरुजी बराच वेळ भिंगाला डोळा लावून उभे होते.

"एवढंसं," ते म्हणाले. "मला वाटलं, पिसाला काय कळतंय."

मग ते बसले आणि त्यांनी सांगितलं.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पहाटे ते आणि आसाराम माळावर गेले होते. वरच्या वस्तीकडे जाणाऱ्या विजेच्या तारांखाली नर पडलेला दिसला. तेरा-चौदा किलोचा, थोराड. पंख मुळापासून लोंबत होता, छाती फाटली होती, पण मान ताठ होती आणि डोळा उघडा होता. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. तारेवर आदळला होता.

ती तार गुरुजींनी आणली होती. दोन वर्षांपूर्वी वनखात्यानं तिला हरकत घेतली, तेव्हा या बाजूनं पक्षी उडत नाहीत, असं पत्र गुरुजींनी लिहून दिलं. त्यांचा शब्द म्हणून परवानगी मिळाली. वरच्या वस्तीतल्या बायका दोन मैलांवरून पाणी आणत. तार आली, मोटर बसली, नळ आला. आसारामच्या पालांनाही त्याच नळाचं पाणी होतं.

"पत्र खोटं होतं?" मी विचारलं.

"खोटं नव्हतं. कधीमधी उडत. मी 'उडत नाहीत' लिहिलं."

"आणि पक्षी? डॉक्टरकडे नेला नाहीत?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "गोणपाटात घालून आसाराम उचलायला लागला. मीच थांब म्हटलं. सोलापूरला न्यायचा तर गावातनं न्यावा लागणार. कुठं सापडला, कसा सापडला, सगळं निघणार. तार तुटणार. म्हटलं, थोडा वेळ बघू. पाणी पाजलं. दुपारपर्यंत बघितलं. मग मान मी मोडली. वाचला असता की नाही, माहीत नाही. मी नेलाच नाही."

आसारामनं खड्डा खणला. पुरताना गुरुजींनी पंखाची चार पिसं उपटली. का उपटली ते त्यांना सांगता आलं नाही. रिकाम्या हातानं घरी जाववेना, एवढंच म्हणाले. मग त्यांना माझी आठवण झाली. निदान कुणाच्या तरी कामाला येतील.

"म्हणजे आसारामला सगळं माहीत आहे," मी म्हटलं. "तीन दिवस मार खातोय आणि बोलला नाही?"

"काल मी त्याला म्हटलं, बाबा, सांगून टाक. तर म्हणाला, सांगून काय, माझं कोण खरं मानतंय?"

आम्ही दुपारच्या बसनं निघालो. वाटेत एकदा गुरुजींनी माझ्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली, लहानपणी सहलीला घेत तशी, आणि मग काही आठवल्यासारखं करून परत दिली.

चौकीत देवकुळ्यांनी गुरुजींना खुर्ची दिली. गुरुजींनी उभ्यानंच सगळं सांगितलं. देवकुळ्यांची लेखणी निम्म्यावरच थांबली. तुम्ही भावनेच्या भरात बोलताय, ते म्हणाले, घरी जा, अक्का वाट बघत असतील, आमचा माणूस आमच्याकडे आहे. त्यांच्या दृष्टीनं ते गुरुजींवर उपकारच करत होते. गुरुजींनी त्यांच्यासमोरचा कागद ओढला आणि तो स्वतःच लिहायला घेतला, शाळेत फळ्यावर लिहीत त्या अक्षरात. शेवटी सही केली. मग म्हणाले, फावडं घ्या, जागा दाखवतो.

खड्डा मी पाहिला. पक्षी वर काढला तेव्हा डावा पंख मुळाशी तुटलेला होता आणि त्यात चार पिसांची जागा रिकामी होती. देवकुळ्यांनी मला विचारलं, तुमच्याकडची पिसं यातलीच ना. मी हो म्हटलं आणि माझीही सही झाली.

आसारामला दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सोडलं. मी त्याच्या पालावर गेले. तो शेळीला पाला घालत होता, उजव्या हातानं. माफी मागायची होती, पण कशाची म्हणून मागायची तेच जुळवता येईना.

"बाई, तुमी माजं नाव घेतलं हुतं का?" त्यानंच विचारलं.

"नाही."

"मंग?"

"गुरुजींचं घेतलं नाही," मी म्हटलं.

त्यानं ते ऐकलं आणि परत शेळीकडे वळला. त्याची बायको पालाच्या तोंडाशी बसली होती. तिनं मला बस म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. थोड्या वेळानं मीच निघाले.

वरच्या वस्तीची वीज आठवड्यात तोडली. खांब माळाला वळसा घालून दुसरीकडून न्यायला सात महिने लागले. ते सात महिने बायका परत दोन मैलांवर घागरी घेऊन गेल्या. गावात गुरुजींशी कुणी बोलेना. अक्कांना दळण देताना गिरणीवाला मुद्दाम सगळ्यात शेवटी देई. मोजदादीचं काम गेलं. चौकशी झाली, जबाब झाले, वय बघून ताकीद देऊन सोडलं. या सगळ्यात आसाराम मात्र रोज संध्याकाळी गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसत असे, असं मला अक्कांनीच सांगितलं. दोघं काही बोलत नसत म्हणे.

मी माझं काम केलं. अकरा नमुने बसवले, प्रत्येक केसाची लांबी मोजली, आकृत्या काढल्या. लेख तयार झाला तेव्हा फक्त नाव राहिलं होतं. नव्या जातीला कुणाचंही नाव देता येतं. शास्त्रात हा मान समजतात. उन्हाळ्यात, वस्तीला परत वीज आली त्या महिन्यात, मी हस्तलिखित घेऊन पाथरवाडीला गेले. गुरुजी खूप वाळले होते. मी सांगितलं की तुमचं नाव द्यायचं ठरवलंय, तुमच्याशिवाय ही जात कुणाला कळलीच नसती. मी ते मनापासून म्हणत होते आणि त्यात थोडी माझीही सुटका बघत होते, हे त्यांना दिसलं असावं.

"नको," ते म्हणाले.

"गुरुजी, कायम राहील. शंभर वर्षांनी कुणी वाचलं तरी."

"म्हणूनच नको. गावाचं दे, माळाचं दे." त्यांनी हस्तलिखित मागितलं आणि चष्मा लावून पान पान चाळलं. इंग्रजी त्यांना बेताचंच येत होतं, पण एका जागी बोट ठेवून ते थांबले. तिथं यजमान पक्षी, स्थळ, तारीख अशी एक ओळ होती आणि तिच्या शेवटी मी रिकामी जागा सोडली होती.

"इथं काय येतं?"

"नमुना कुणी गोळा केला, त्याचं नाव."

"हे रिकामं ठेवलं तर चालतं?"

"चालतं. अज्ञात म्हणून लिहितात."

"आणि खोटं?"

"ते चालत नाही."

गुरुजींनी माझ्या हातातलं पेन घेतलं. दोन नावं लिहायची असतील तर कशी लिहायची, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आधी आपलं लिहिलं, मग आसारामला हाक मारली. तो ओसरीच्या पायरीवर बसला होता. गुरुजींनी त्याला ती ओळ मराठीत वाचून दाखवली आणि तुझं लिहू का, विचारलं.

आसाराम पायरीवरून उठून जवळ आला.

"पक्षी कसा मेला त्ये लिवलंय का त्यात?"

"तारेला धडकून आणि मान मोडून," मी म्हटलं. "दोन्ही लिहिलंय."

"मान कुणी मोडली त्ये?"

मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. मी ओळीच्या खाली तेही लिहिलं.

"मग लिवा माजं," आसाराम म्हणाला.

संपादकांनी ती खालची ओळ अनावश्यक म्हणून काढायला सुचवलं होतं. मी काढली नाही. लेख पुढच्या वर्षी छापून आला. एक प्रत मी पाथरवाडीला पाठवली. गुरुजींनी ती पोचल्याचं पत्र टाकलं, आणि त्यात एवढंच होतं की यंदा माळावर नऊ मोजले, आसाराम दहा म्हणतो.